सायची डावी बाजू

१

पागेत मामा कधी मुकाट्याने शिरत नसत. दाराशी खाकरत, बादली मुद्दाम फरशीवर आपटत, आणि ज्या घोड्याकडे जायचं त्याच्या मागे चार पावलं अलीकडे थांबून म्हणत, "सरक." घोडे सगळे गव्हाणीकडे तोंड आणि वाटेकडे पाठ करून बांधलेले. 'सरक' ऐकलं की घोडा उजव्या भिंतीकडे जाई आणि डावीकडे माणूसभर वाट मोकळी करून देई. तो नीट सरकला, कान सैल झाले, की मगच मामांचं पाऊल त्याच्या ठाणात पडे.

"ठाण म्हणजे घोड्याचं घर," नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला ते ऐकवत. "लोकांच्या घरात बेल न वाजवता घुसता का तुम्ही? मग इथे तोंड उघडायला काय धाड भरते?"

एकतीस वर्षं ते या घोडेस्वारीच्या शाळेत मोतद्दार होते. खरारा, दाणापाणी, लीद, औषधं, सगळं त्यांच्याकडे. एवढ्या वर्षांत त्यांना एकही लाथ बसली नव्हती आणि याचं श्रेय ते नशिबाला नाही, त्या एका शब्दाला देत. मामा हे नाव मुलांनी पाडलेलं. त्यांना ना सख्खी बहीण ना चुलत, त्यामुळे जगात ते खरे कुणाचेच मामा नव्हते. पण नाव असं चिकटलं की त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले शाळेचे मालकही त्यांना मामाच म्हणत, आणि त्यांची बायको आपसूक मामी झाली.

सात घोड्यांत मामांचा जीव एका घोडीवर. दुधावरच्या सायीसारखा रंग, म्हणून तिचं नाव साय. तीन वर्षांची असताना ती आली, तिच्या पाठीवर पहिलं खोगीर मामांनीच चढवलं, आणि आता ती एकोणीस वर्षांची होती. शाळेत येणारं प्रत्येक मूल पहिल्यांदा सायवर बसे. पाठीवर रडारड होवो की आयाळीला हिसके बसोत, ती आपली डोळे अर्धे मिटून गोल फिरत राही. मामा लाडात आले की तिला सायबाई म्हणत.

२

त्या सायच्या डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात गाठ आली. तिळाएवढी होती तेव्हा मामांना तो चिखलाचा ठिपका वाटला. ओल्या फडक्याने पुसायला गेले तर ती मान झटकून मागे झाली. महिन्याभरात गाठ शर्टाच्या बटणाएवढी झाली, गुलाबी, ओलसर, खडबडीत, आणि तिच्या ओझ्याने वरची पापणी खाली उतरली.

जनावरांची डॉक्टरीणबाई तरुण होती, बोलायला फटकळ आणि हाताने हलकी. तिने गाठ बोटांनी चाचपली, छोटी पट्टी लावून मापली आणि हातमोजे काढले.

"कापायची आहेच," ती म्हणाली. "पण आत्ता ती पापणी धरून बसलीय. आत्ता कापली तर पापणी जाईल आणि मागोमाग डोळा. महिनाभर मलम लावून आवळूया. तोवर डोळा पूर्ण झाकायचा. माशी, धूळ, उजेड, काही लागता कामा नये. आणि मामा, हिला शांत ठेवायची. घाबरून भिंतीवर डोकं घासलंन तर माझी सगळी मेहनत पाण्यात."

"डोळा वाचेल ना?"

"शांत राहिली तर वाचेल."

मालक शेजारीच उभे होते. वाईट माणूस नव्हता तो, पण सांगायचं ते सांगून टाकायचा. "मामा, एका डोळ्याची घोडी मी मुलांना देऊ शकत नाही. डोळा गेला तर तिला पाठवावं लागेल."

कुठे पाठवावं लागेल हे त्यांनी सांगितलं नाही. मामांनी आजवर तीन म्हाताऱ्या घोड्यांना गाडीत चढवून दिलं होतं आणि तिन्ही वेळा गाडी रिकामी परत आलेली पाहिली होती. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. सायला आपण त्या गाडीत चढवायचं, हे त्यांना नुसतं मनातसुद्धा आणवेना.

३

डोळ्यावर जाड कापडाची झापड बसली आणि साय बदलली. जिची डावी बाजू सोळा वर्षं मामांची होती, ती आता त्या बाजूच्या प्रत्येक आवाजाला उसळू लागली. मामा नेहमीसारखं "सरक" म्हणाले की शब्द अंधारातून आल्यासारखा ती दचके आणि दोरी ताणे. हळू म्हणून पाहिलं, गोड म्हणून पाहिलं, लांबून म्हणून पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिने बादली लाथाडली, आणि बादली मामांच्या नडगीपासून वीतभर अंतरावरून गेली. चौथ्या दिवशी झापड भिंतीवर घासून अर्धी फाटली.

संध्याकाळी मामा घरी आले ते तोंड पाडूनच. घर म्हणजे मैदानाच्या मागच्या दोन खोल्या. स्वयंपाकघर इतकं चिंचोळं, की मामी सिंकपाशी भांडी घासत असल्या की त्यांच्या मागून मोरीत जायला वाट उरत नसे. मामींना पाच वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी खणात टाकून दिलं होतं. तेव्हापासून मामा मागून येत, त्यांच्या पाठीवर तळहात टेकवत, आणि मामी मागे वळूनसुद्धा न बघता डावीकडे सरकून त्यांना वाट देत.

त्या दिवशीही तसंच झालं. हातपाय धुऊन मामा त्यांच्या समोर येऊन बसले आणि ओठ नीट हलवत म्हणाले, "आवाज दिला की उसळते. न देता गेलो तर लाथ घालेल. करायचं काय?"

"मग मला कसं सांगता?"

"तुला कुठे सांगतो? तुला हात लावतो."

"तेच म्हणतेय मी."

मामा चहाचा कप तोंडाशी धरून तसेच थांबले. मग हसू लागले.

"हसता काय?" मामी म्हणाल्या. "पाच वर्षांत एकदा तरी लाथ घातली का मी?"

"मनात किती वेळा घातलीस, ते तुलाच ठाऊक."

४

दुसऱ्या दिवसापासून मामांनी सायला नवा धडा दिला. शब्द नाही, खाकरणं नाही, बादलीचा आवाज नाही. उजव्या, दिसत्या बाजूने तिला बघू देऊन मागे यायचं, पुठ्ठ्यावर, शेपटीच्या वरच्या मांसल भागावर, तळहात सपाट टेकवायचा आणि थांबायचं. ती उजवीकडे सरकली की डावीकडून आत शिरायचं, पण हात उचलायचा नाही. पुठ्ठ्यावरून बरगड्यांवर, बरगड्यांवरून खांद्यावर, खांद्यावरून मानेवर, म्हणजे माणूस कुठवर आला हे तिला हाताच्या चालीवरून कळेल.

पहिले दोन दिवस ती थरथरली. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं की हा हात ओळखीचा आहे, आणि आठवड्याभरात ती अशी निवांत झाली की तळहात टेकण्याआधी त्याच्या उबेनेच सरके. पुढे उजव्या बाजूने दर्शन द्यायचीही गरज उरली नाही. मामा अंधाऱ्या बाजूने थेट यायचे, हात टेकवायचे आणि आत. मलम लावताना ती खालचा ओठ लोंबता सोडून उभी राही. गाठ आवळू लागली. बटणाची मसुराची डाळ होईल अशी चिन्हं दिसू लागली.

"हे कुठे शिकलात?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

"घरी," मामा म्हणाले.

ते मनातून फुशारले होते, खोटं कशाला बोला. एकतीस वर्षं ज्या शब्दाशिवाय ठाणात पाऊल टाकू नका म्हणून त्यांनी लोकांचे कान किटवले, तो शब्द त्यांनी स्वतःच काढून टाकला होता, आणि काही बिघडलं नव्हतं.

५

दुपारी साडेबारा ते दोन पागेत कुणी नसे. बाकीचे जेवायला जात. सायला एकटी ठेवायची नाही म्हणून मामा तिथेच वाटेच्या टोकाला पोत्यावर बसून डबा खात आणि काहीतरी शिवायचं काम काढत. त्या दिवशी घोड्याच्या तोंडावर बांधायच्या एका म्होरकीचा पट्टा उसवला होता. सुईत दोरा ओवताना त्यांनी मान वर केली आणि पाहिलं, साय उजवीकडे सरकत होती.

पाय बदलायला घोडा हलतो तशी नाही. दोन पावलं आडवी टाकून, भिंतीला अंग लावून, डावीकडे माणूसभर जागा करून ती थांबली. नीट, शिकवल्याप्रमाणे. मग तिच्या पुठ्ठ्यावरचं कातडं थरकलं.

माशी, मामा मनात म्हणाले. माशी बसली की घोडा तेवढंच कातडं हलवतो, हे लहान मुलालाही कळतं. पण ती थरथर तिथे थांबली नाही. पुठ्ठ्यावरून ती बरगड्यांवर आली, बरगड्यांवरून खांद्याकडे, सावकाश, एका रेषेत, माणूस चालत जावा त्या वेगाने. खांद्यापाशी थांबली. सायने मान खाली घातली आणि खालचा ओठ लोंबता सोडला.

मामा सुई धरून बसून राहिले. साधारण दहा मिनिटांनी सायने मान उचलली, पुन्हा मधोमध येऊन उभी राहिली आणि कडबा चघळू लागली.

म्हातारी झालीय, त्यांनी स्वतःची समजूत घातली. सवयीचं जनावर. एवढे दिवस शिकवतोय, तर आपल्या आपण उजळणी करत असेल. त्यांनी उठून तिच्या खांद्यावर हात फिरवला. बाकी अंग उबदार होतं. खांद्यावर मात्र तळहाताएवढी जागा गार होती, आणि तिथले केस उलटे बसले होते.

६

पुढचे चार दिवस मामांनी डबा हातात घेतला, पण जेवले नाहीत. रोज साडेबारानंतर, पागा रिकामी झाली की काही वेळातच, साय सरके. मामांनी उत्तरं शोधली. खिडकीतून वारा येत असेल. खिडकी बंद करून पाहिली. शेजारचा तपकिरी घोडा फळीआडून नाक लावत असेल. त्याला दुपारपुरता बाहेर बांधला. मलमाने कातडं चुणचुणत असेल म्हणून डॉक्टरीणबाईला फोन केला, तर ती म्हणाली, "डोळ्यापाशी चुणचुणेल मामा, पुठ्ठ्यावर कसं?" हे तर त्यांनाही कळत होतं.

आपल्यालाच भास होतोय का, हेही त्यांनी तपासलं. म्हणजे घरी जाऊन मामींना विचारलं, "मी काही विचित्र वागतोय का?"

"नवीन काही नाही," मामी म्हणाल्या, आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघून गंभीर झाल्या. "बरं वाटत नाही का तुम्हाला? ऑपरेशन होईपर्यंत ठीक राहा बाई, नंतर काय ते आजारी पडा."

पाचव्या दिवशी मामांनी ठरवलं की लांबून बघायचं नाही. साडेबाराला ते स्वतः सायच्या ठाणात गेले. डावीकडे, तिच्या खांद्यापाशी, भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि तळहात तिच्या खांद्यावर ठेवला. आता ती जागा भरली होती. आता यायला वाटच नव्हती. या विचाराने त्यांना जरा धीर आला.

बाहेर कुणाची तरी सायकल वाजली आणि लांब गेली. मग काहीच ऐकू येईना. साय कडबा चावत होती, तो आवाज मात्र मोठा वाटत होता. तो आवाज थांबला.

साय सरकली. आधीच उजवीकडे होती, तरी आणखी सरकली, उजव्या भिंतीच्या फळ्या करकरेपर्यंत, एकाला आणखी एक जागा करून द्यावी तशी. मग तिच्या पुठ्ठ्यावरचे केस दबले. मामांच्या डोळ्यांसमोर, तीन हातांवर, पांढुरक्या केसांत पाच बोटांएवढी रुंद जागा खाली बसली आणि पुढे सरकू लागली. मागचे केस उठत होते, पुढचे दबत होते. बरगड्या आल्या. मामांना पळायचं होतं, पण बाहेर जायची वाट त्याच बाजूला होती. ते भिंतीत शिरायचा प्रयत्न करत उभे राहिले. ती जागा त्यांच्या हाताकडे येत होती, आणि दोन बोटांवर आली तेव्हा त्यांनी हात उचलला.

धडा सुरू केल्यापासून त्यांनी मध्येच हात उचलला नव्हता. सायला ते कळलंही नाही. तिच्या खांद्यावर हात होताच.

"कोण आहे?" मामांनी विचारलं. साय बिचकू नये म्हणून अगदी हळू. उत्तर आलं नाही, आणि न आलेल्या उत्तराने त्यांना आपली चूक कळली. एकतीस वर्षं इथे शिरायला तोंडातून आवाज काढावा लागत होता. तो नियम माणसांसाठी आहे असंच ते धरून चालले होते. ज्याला आवाजच नाही, त्याला इतकी वर्षं या ठाणात पाऊल टाकता आलं नव्हतं, आणि ती कडी मामांनी स्वतःच्या हाताने काढली होती.

सायचा ओठ लोंबत होता, कान सैल होते. तिच्या लेखी जवळ उभे होते ते मामाच.

७

शिकवलेलं मोडावं कसं, हे मात्र मामांना माहीत नव्हतं. हात टेकवल्यावर ती सरकली की ते मागे फिरत, तिला रागे भरत, सरकू नकोस म्हणून पुठ्ठ्याला खांदा लावून रेटत. साय गोंधळून जाई आणि आणखीच आज्ञाधारकपणे सरके. "सरक" हा शब्द पुन्हा वापरून पाहिला, तर ती उसळली आणि झापडीची एक शिवण गेली. ऑपरेशनला सहा दिवस राहिले होते. आता घाबरवली तर डोळा जाणार, आणि डोळा गेला तर साय जाणार. न घाबरवावी, तर दुपारी तो हात येणार.

मामांनी डोळ्याची बाजू घेतली. दुपारी ते पागेच्या दाराबाहेर उन्हात बसत आणि आत बघत नसत. सायला त्रास तर काही होत नाही ना, असं स्वतःला सांगत. आतून कडबा चावण्याचा आवाज थांबला की त्यांना कळे, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत ते गुडघे घट्ट धरून बसत. त्यांना स्वतःची लाज वाटे. सोळा वर्षांच्या सोबतिणीला त्यांनी कुणाच्या तरी हाती देऊन ठेवलं होतं, आणि ती बिचारी ते हात त्यांचेच समजत होती.

ऑपरेशन एका सकाळी मैदानाशेजारच्या शेडमध्ये झालं. सायला गुंगीचं औषध दिलं, डोकं गवताच्या गठ्ठ्यावर टेकवलं. मामांनी तिची मान मांडीशी धरली आणि डोळे मिटून घेतले. पाऊण तासाने डॉक्टरीणबाईने बरणीतल्या पाण्यात तरंगणारा एक गुलाबी तुकडा त्यांच्यापुढे धरला.

"पूर्ण निघाली. पापणी शाबूत. बारा दिवसांनी पट्टी काढू," ती म्हणाली. "रडताय काय मामा, पेढे वाटा."

मामा रडत होते खरे. त्यातलं अर्धंच आनंदाचं होतं.

८

बारा दिवसांनी, दुपारचा एक वाजत असताना डॉक्टरीणबाई आली. दुसरी वेळ घ्या म्हणून मामांनी आर्जव केलं होतं, पण तिला तेवढीच सवड होती. ती आणि मालक पुढे, गव्हाणीच्या पलीकडे उभे राहिले. पट्टी काढायला मामा डाव्या बाजूने आत गेले, कारण दुसऱ्या कुणाला साय तिथे हात लावू देत नव्हती.

वरचं कापड निघालं. कापूस निघाला. मामांनी दोन्ही हातांनी शेवटची घडी उचलली आणि सायने पापणी उघडली. डोळा ओला होता, काळाभोर, स्वच्छ. कोपऱ्यात टाक्यांची बारीक रेघ, बाकी काही नाही. त्या डोळ्यात मामांना सगळं ठाण वाकलेलं, लहानसं दिसलं: उजेडाचं दार, फळ्या, सायची स्वतःची पांढरी पाठ, आणि दोन्ही हातांत कापूस धरलेला एक छोटा मामा.

आणि त्या पांढऱ्या पाठीवर, मामांच्या मागे, टेकलेला हात.

मनगटापर्यंतच दिसला तो. बोटं लांब होती आणि अगदी मामांच्या सवयीसारखी, सपाट पसरलेली. मनगटाच्या मागे काय आहे ते बघायला मामा वळले नाहीत. त्यांनी सायच्या डोळ्यात बघितलं, आणि साय त्यांच्याकडे बघत नव्हती.

सोळा वर्षांत तिने अशी लाथ घातली नव्हती. मागचा डावा पाय बाजूला सुटला, भिंतीची फळी उभी चिरली. मामा गव्हाणीवर कोसळले. साय अख्ख्या अंगानिशी डावीकडे आली आणि डाव्या भिंतीला अशी चिकटली की मध्ये कागद जाऊ नये. कान मागे, नाकपुड्या फुललेल्या. मालकांनी फळीवरून वाकून मामांना बाहेर ओढलं.

"लागलं का? मामा, लागलं का?"

"नाही," मामा म्हणाले. "मला नाही मारलं तिने."

डॉक्टरीणबाईने दहा मिनिटं थांबून, लांबूनच डोळ्यासमोर बोट, रुमाल, बॅटरी हलवून पाहिली. "उत्तम दिसतंय तिला," ती म्हणाली. "एवढ्या दिवसांनी उजेड आला, बिचकली. होईल ठीक."

मालकांनी मामांच्या पाठीवर थाप मारली. "राहिली हो तुमची सायबाई."

ते दोघे गेल्यावर मामा सायच्या मागे चार पावलांवर उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "सरक."

सायने डाव्या डोळ्याने मागे वळून त्यांना नीट न्याहाळलं, आणि मग सरकली. मामा आत गेले, तिच्या मानेत तोंड खुपसून उभे राहिले. बाहेर येऊन त्यांनी मुद्दाम, न बोलता पुठ्ठ्यावर तळहात टेकवून पाहिला. साय तत्काळ डाव्या भिंतीला चिकटली आणि पाय उचलला. मामांनी हात काढला. इतका आनंद त्यांना घोडी वाचल्याचाही झाला नव्हता. कडी पुन्हा लागली होती. आता इथे नुसत्या हाताला कुणी वाट देणार नव्हतं.

९

तीनच्या सुमारास मामा घरी निघाले. मैदान ओलांडताना ते मनात वाक्यं जुळवत होते, मामींना सगळं सांगायचं, सुरुवातीपासून, हसली तर हसू दे. दार उघडंच होतं. मामी सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, नळ सुरू होता, सकाळची भांडी घासणं चाललं होतं. मामा उंबऱ्याबाहेर पायरीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. नाडीला गाठ बसली होती, दोन्ही हात तिच्यात गुंतले.

त्यांनी सहज मान वर केली तेव्हा मामी डावीकडे सरकत होत्या.

मागे न बघता, नेहमीसारख्या, ओट्याला अंग लावून त्यांनी माणूसभर वाट करून दिली. त्यांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, साडीचा पदर आणि पोलकं पाच बोटांएवढं खाली दबलं होतं.

"गार किती पडलेत हात," मामी म्हणाल्या. "घोडीची पट्टी निघाली का? बघते का नीट?"

मामा ओरडले. काय ओरडले ते त्यांनाही कळलं नाही. बहुधा तिचं नाव, जे त्यांनी कित्येक वर्षांत घेतलं नव्हतं. मैदानापलीकडे पागेत एक घोडा खिंकाळला. मामींनी एक ताट विसळून बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं. तिला सांगायचं तर एकच रीत होती, जवळ जाऊन हात लावायची, आणि तिच्या मागच्या त्या चिंचोळ्या जागेत दुसऱ्या माणसाला पाऊल टाकायला वाव नव्हता.

पाठीवरची खळगी जागची हलली नाही. पुढे गेली नाही, मागेही गेली नाही.

"अहो, जा ना आता," मामी नळाकडे बघत म्हणाल्या. "केव्हाची वाट दिलीय."